आरोग्यतपासणीची पारख

पालघर अद्याप ठाणे जिल्ह्यातच मोडत होते त्या काळी, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ तेथून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची जन्मजात व्यंग, पोषणाची न्यूनता, बालवयातील रोग आणि वाढीतील विलंब या चार अंगांनी तपासणी व्हावी, अंगणवाडीतील मुलाची ती वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलाची वर्षातून एकदा व्हावी, आणि ज्याच्यात दोष आढळेल त्याला पुढील उपचारांसाठी कोठे पाठवायचे तेही आधीच मुक्रर असावे, असा त्या कार्यक्रमाचा आराखडा आहे. या आराखड्यात सर्वांत मोलाचे काय, असे कोणी विचारले तर रोगांच्या लांबलचक यादीकडे मी बोट दाखवणार नाही. ‘वर्षातून दोनदा’ आणि ‘वर्षातून एकदा’ या मुदतीकडे दाखवीन. मुदत बांधून दिली म्हणजे नागरिकाला हिशेब मागता येतो, आणि जेथे हिशेब मागता येतो तेथेच कामाची प्रत टिकते.

त्यानंतरच्या वर्षांत आपल्या राज्याने मोहिमाही पुष्कळ पाहिल्या. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या नावाने घरोघर ताप आणि प्राणवायूची पातळी मोजली गेली. सप्टेंबर २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ म्हणून अठरा वर्षांवरील स्त्रियांची तपासणी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ हे अभियान निघाले. या मोहिमांत आशा सेविकांनी आणि परिचारिकांनी उपसलेले कष्ट कोणीही विसरू नयेत. परंतु मोहिमेला शेवटची तारीख असते आणि रक्तदाबाला, मधुमेहाला किंवा कर्करोगाला ती नसते. म्हणून मोहीम ही नित्याच्या तपासणीची सुरुवात म्हणून उत्तम आणि तिचा पर्याय म्हणून अपुरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत केवळ तर्कावर उभे नाही. महाराष्ट्राच्याच भूमीत झालेल्या दोन मोठ्या शास्त्रीय प्रयोगांचा त्याला आधार आहे. पहिला प्रयोग तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले: एका गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून परिचारिकेने डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणूचाचणीच्या एकाच फेरीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण आम्लपाहणीच्या एका फेरीने मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. दुसरा प्रयोग टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केला. तेथे तीच आम्लपाहणी, शालान्त शिक्षण झालेल्या आणि त्यासाठी प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत केली, आणि त्या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही प्रयोगांच्या परिस्थितीत इतरही भेद होते, तेव्हा सारे श्रेय एकाच कारणाला देणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही जी पद्धत एकदा वापरून निष्प्रभ ठरली तीच नियमाने पुनःपुन्हा आणि सतत देखरेखीखाली वापरल्यावर जीव वाचवू शकली, ही गोष्ट ज्याला सार्वजनिक आरोग्याचा विचार करायचा आहे त्याने मनावर कोरून ठेवण्याजोगी आहे.

असे का होते, हे थोड्या गणिताने समजते. समजा, एक हजार व्यक्तींची तपासणी झाली, त्यांतील दहांना खरोखर रोग आहे, आणि चाचणी अशी की खऱ्या रोग्यांपैकी दहांतील आठ ती ओळखते, पण निरोगी माणसांपैकीही शंभरांतल्या पाचांवर संशय घेते. मग आठ खरे रुग्ण आणि सुमारे पन्नास निरोगी माणसे, अशी अठ्ठावन्न नावे संशयितांच्या यादीत येतात, आणि दोन रुग्ण ‘काही नाही’ असे ऐकून घरी जातात. पहिल्या यादीतील अठ्ठावन्नांची पक्की चाचणी लवकर झाली नाही, तर पन्नास कुटुंबे विनाकारण चिंतेत राहतात आणि आठ रुग्ण उपचारांवाचून राहतात. आणि पुढची फेरी आलीच नाही, तर ते निसटलेले दोघे कायमचे निसटतात. म्हणून ‘तपासणीत काही निघाले नाही’ हा निरोगीपणाचा दाखला नव्हे आणि ‘संशय आहे’ हा रोगाचा शिक्का नव्हे. चाचणीत जी उणीव राहते ती पुढची फेरी भरून काढते, आणि फेरीला जो अर्थ येतो तो चाचणी दर वेळी सारख्याच काटेकोरपणे झाल्यामुळे येतो. सातत्य आणि गुणवत्ता यांना दोन निरनिराळ्या अपेक्षा मानून त्यांतील एकीवर समाधान मानणे, हीच आपल्याकडील मुख्य चूक आहे.

इंग्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्या देशात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी १९६० च्या दशकापासून होत होती, पण जी स्त्री आपण होऊन दवाखान्यात येईल तिची व्हायची. १९८८ मध्ये वयाच्या नोंदीवरून प्रत्येक स्त्रीला बोलावण्याची आणि ठरावीक मुदतीने पुन्हा बोलावण्याची रीत देशभर लागू झाली, आणि त्यानंतर मृत्यूंच्या घटीला खरा वेग आला. पण इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. वर्ध्याला १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग संस्थेने, डॉ. वार्डेकरांच्या नेतृत्वाखाली, गावोगाव रुग्ण शोधणे, लोकशिक्षण करणे आणि उपचार देणे ही तीन कामे एकाच कार्यकर्त्याच्या हाती एकत्र सोपविली. ज्याने रुग्ण शोधला त्यानेच त्याच्या दाराशी औषध घेऊन पुन्हा जायचे, हा तो शिरस्ता होता, आणि पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने तो स्वीकारला. सत्तर वर्षांपूर्वी विदर्भाच्या खेड्यांतून जे साधले ते आज उपनगरात साधू नये, असे मानायला मी तयार नाही.

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे वळू. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत ८,०९,३७८ होती. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या प्रमाणानुसार पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र धरले, तर त्या वेळच्या लोकसंख्येलाच सोळा केंद्रे हवीत, आणि शहर त्यानंतरही वाढतच राहिले आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि मुखकर्करोग यांसाठी, व स्त्रियांची त्याखेरीज स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, हे राष्ट्रीय धोरण आहे: रक्तदाब व साखर दरवर्षी, कर्करोगांची तपासणी पाच वर्षांतून एकदा. धोरण आणि वस्तुस्थिती यांतील अंतर किती, ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दिसते. देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदाही गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत दोनसुद्धा भरल्या नाहीत.

आपल्या शहराची अडचण निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. येथील कमावता पुरुष आणि पुष्कळदा कमावती स्त्रीही पहाटेच्या लोकलने चर्चगेटच्या दिशेने जाते आणि दिवेलागणीनंतर परतते. आशा सेविका येते ती दुपारी, आणि तेव्हा घरात असतात फक्त वृद्ध आणि मुले. भाड्याने राहणाऱ्यांचा करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे घरक्रमांकावर लावलेली नोंद पुढच्या फेरीपर्यंत दुसऱ्याच कुटुंबाची झालेली असते. उंच इमारतींच्या फाटकावर आशा सेविकेला अडवले जाते. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांतील परप्रांतीय कामगाराचे नाव बहुधा कोणत्याच यादीत नसते. आणि जो माणूस राहतो मीरा रोडला पण अंधेरीच्या कचेरीतील शिबिरात ज्याची साखर वाढलेली निघते, त्याची दहिसर नाक्याच्या पलीकडची नोंद अलीकडच्या दप्तरात कधी येतच नाही. येथे सातत्य राखायचे तर नोंद घराची नव्हे, व्यक्तीची ठेवावी लागेल. ‘आभा’ या व्यक्तीच्या चौदा अंकी आरोग्य-ओळख क्रमांकाचा खरा उपयोग तोच आहे. तो काढला नसेल तर जवळच्या केंद्रात काढून घ्यावा, आणि तो काढला म्हणून हातातला कागद मात्र टाकून देऊ नये.

प्रत्येक वाचकाने स्वतःपुरते काय करावे, ते आता तपशिलाने सांगतो. तपासणीची प्रत ओळखायला वैद्यकाची पदवी लागत नाही. माप कसे घेतले जाते याकडे डोळसपणे पाहिले तरी पुरते. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू यांपासून दूर राहिलेले असावे, लघवीला जाऊन आलेले असावे, पाठीला आधार देऊन आणि पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटे स्वस्थ बसलेले असावे, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, आणि दंडाभोवतीचा पट्टा शर्टाच्या बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडावर बांधलेला असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. म्हणून केंद्रात किमान दोन मापांचे पट्टे आहेत की नाहीत ते विचारावे. माप एकदा नव्हे, मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यावे. ते १४०/९० किंवा त्याहून अधिक आले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच निदान व्हावे. पण १८०/११० किंवा त्यावर गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला रांगेतच उभे ठेवून मापलेला रक्तदाब नोंदवहीत चढवला जातो, तेव्हा त्या नोंदीने कोणाचेच हित होत नाही.

बोटातून थेंब घेऊन साखर पाहण्यापूर्वी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. गणेशोत्सवाच्या मंडपातील शिबिरात हातावर मोदकाचा किंवा प्रसादाच्या साखरेचा अंश राहिला, तर आकडा खोटाच चढतो. स्ट्रिपच्या डबीवरची मुदत संपलेली नाही आणि डबीचे झाकण घट्ट लावलेले आहे, याची खातरजमा करावी, कारण आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत उघडी राहिलेली स्ट्रिप लवकर बिघडते. कोणत्याही वेळी घेतलेली साखर १४० च्या वर आली, तर तो मधुमेहाचा निर्णय नव्हे, प्रयोगशाळेत उपाशीपोटी आणि जेवणानंतर रक्त देण्याची सूचना आहे. आणि ते रक्त कोठे, केव्हा द्यायचे, हे तपासणाऱ्याने त्याच वेळी लिहून द्यायला हवे.

तोंडाची तपासणी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील प्रयोगाने, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांच्या तोंडाची आरोग्यसेवकांनी ठरावीक अंतराने पाहणी केली तर मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी होतात, हे २००५ मध्ये दाखवून दिले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो खाणारे आपल्या आसपास आहेत, आणि मशेरी लावणाऱ्या आज्या-मावश्या तर स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजतच नाहीत; त्यांना मुद्दाम विचारले पाहिजे. उजेडात, हातमोजे घालून, गालाच्या आतली बाजू आणि जिभेच्या कडा बोटाने फिरवून पाहिल्या तर ती तपासणी. ‘आ करा’ म्हणून क्षणभर डोकावले तर ती तपासणी नव्हे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे होणे, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे.

स्त्रियांच्या तपासणीविषयी मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण येथे प्रत घसरली तर स्त्री पुन्हा येत नाही, आणि शेजारणीलाही येऊ देत नाही. स्तनांची वा गर्भाशयमुखाची तपासणी मंडपात पडदा लावून करण्याची गोष्ट नाही. तिला दार बंद होणारी खोली, स्वच्छ निर्जंतुक साधने, प्रशिक्षित परिचारिका आणि आधी समजावून घेतलेली संमती हवी. आम्लपाहणीत द्रव लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबावे लागते; घाईत ते मिनिट गाळले जाते आणि तेथेच रोग निसटतो. पाळी थांबलेल्या स्त्रियांत ही पाहणी तितकी विश्वसनीय राहत नाही, म्हणून पन्नाशीपुढच्या स्त्रीने एचपीव्ही चाचणी मिळते का, ते विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून तीच चाचणी प्रथम पसंतीची मानली आहे, आणि पस्तिशीपूर्वी एकदा व पंचेचाळिशीपूर्वी पुन्हा एकदा, अशी सत्तर टक्के स्त्रियांची तपासणी २०३० पर्यंत व्हावी, हे तिचे उद्दिष्ट आहे.

आता शिबिरे भरवणारी मंडळे, महिला बचत गट आणि सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी यांच्यासाठी. आपला हेतू सात्त्विक आहे, यात शंका नाही. तेव्हा तारीख ठरवण्याआधी तीन गोष्टींची तजवीज करावी. संशयित निघालेल्यांना कोणते नागरी केंद्र, अथवा मीरा रोडचे इंदिरा गांधी रुग्णालय किंवा भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय स्वीकारणार, हे तेथील डॉक्टरांशी बोलून आधी पक्के करावे; महिन्याभराने त्या संशयितांना फोन करणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी; आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराची तारीख याच वर्षी फलकावर लावावी. ज्यांना एवढे करणे शक्य नाही त्यांनी स्वतंत्र शिबिर भरवण्याऐवजी आशा सेविकेला आपल्या सोसायटीचे सभागृह रविवारी सकाळी उघडून द्यावे आणि फाटकावरच्या रखवालदाराला तिचे नाव कळवून ठेवावे. एखाद्या मोठ्या शिबिरापेक्षाही या एका गोष्टीने अधिक काम होईल. खाजगी प्रयोगशाळा सवलतीत ‘फुल बॉडी चेकअप’ देऊ करतात, तेव्हा साठ-सत्तर आकड्यांचा कागद हाती येतो, पण त्याचा अर्थ सांगणारा कोणी नसतो. वर्षातून एकदा नीट मोजलेला रक्तदाब आणि साखर, आणि पाच वर्षांतून एकदा नीट पाहिलेले तोंड, हे त्या साठ आकड्यांहून जास्त मोलाचे आहे.

वेळही माणसांच्या जगण्याला जुळवून घ्यावी. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरच्या वस्तीत पुरुष एरवी दिवसच्या दिवस समुद्रावर असतात. परंतु १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि खलाशी घरी असतो. त्या भागाची वार्षिक फेरी याच दोन महिन्यांत, पावसाची पर्वा न करता, दरवर्षी ठेवली, तर समुद्रावर असल्यामुळे एरवी निसटणारी कोळी बांधवांची संपूर्ण पिढी नोंदीत येईल. स्टीलच्या गाळ्यांत साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी, आणि लोकलने जाणाऱ्यांसाठी रविवारी, असेच वेळापत्रक आखता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शहराचा स्वभाव ओळखणारा अधिकारी आणि त्याला साथ देणारे नागरिक लागतात.

महापालिकेकडे आपण काय मागावे, तेही स्पष्ट असावे. ‘इतक्या हजारांची तपासणी केली’ हा आकडा एकटा निरर्थक आहे. प्रत्येक केंद्राच्या हद्दीत तपासणीस पात्र माणसे किती, त्यांतील किती तपासली, किती संशयित निघाली, त्यांपैकी कितींचे पक्के निदान झाले, किती उपचारांवर आहेत आणि कितींचा रक्तदाब वा साखर खरोखर आटोक्यात आली, हा सहा रकान्यांचा ताळेबंद दरवर्षी केंद्राच्या भिंतीवर लागावा. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत २०१८ पासून रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला त्याची कसोटी नेमकी शेवटच्या रकान्याची होती: तपासणी किती झाली ही नव्हे, रक्तदाब किती जणांचा ताब्यात आला ही. दोन शेजारच्या केंद्रांच्या आकड्यांत फार तफावत दिसली, तर ती लोकांच्या आरोग्यातली आहे की मापण्याच्या रीतीतली, याची फेरतपासणी वरिष्ठांनी करावी. प्रत सर्वत्र सारखी राहण्याचा दुसरा मार्ग नाही. हा ताळेबंद मागण्यासाठी प्रभाग समितीकडे अर्ज करता येतो, वस्तीतील महिला आरोग्य समितीच्या बैठकीत विषय मांडता येतो, आणि उत्तर आलेच नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

आपल्या घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या नावाने एक वही घालावी. तीत तारीख, माप, तपासणाऱ्या केंद्राचे नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख एवढ्याच गोष्टी लिहाव्यात, आणि घर बदलले तर वही बरोबर न्यावी. आपले नागरी आरोग्य केंद्र कोणते आणि आपल्या भागाची आशा सेविका कोण, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी ते येत्या रविवारच्या आत विचारून घ्यावे, आणि पहिली नोंद त्याच केंद्रात करून यावी.